साहेबाचा गळ आणि त्याचा साज

मागल्या वर्षी बोईसरच्या आमच्या कामगार मंडळींनी एक नाटक बसवायला घेतले. विषय वारल्यांच्या वेठबिगारीचा. दुसऱ्या अंकात असा प्रवेश आहे की, १९३० च्या सुमारास दौऱ्यावर आलेला एक गोरा अंमलदार सूर्या नदीच्या काठी डेरा टाकून राहिला आहे, सकाळच्या प्रहरी तो पाण्यात गळ टाकून उभा आहे आणि त्याच्या पाठीमागे दोन वारली त्याचे सामान डोक्यावर घेऊन तिष्ठत आहेत. नाटक लिहिणाऱ्या आमच्या मित्राने त्या जागी कंसात एवढेच लिहून ठेवले होते : ‘साहेब मासेमारीच्या पोशाखात.’ या तीन शब्दांनी मला चार महिने हिंडवले.

साहित्य जमविण्याचे काम माझ्याकडे येण्याचे कारण साधे होते. युनियनच्या माणसाला दहा दारे ठाऊक असतात आणि नकार ऐकण्याची सवय असते. मला वाटले होते, खाकी चड्डी, डोक्यावर टोपी आणि हातात एक बांबू दिला की झाला साहेब तयार. परंतु तालमीला येणाऱ्या मुरब्याच्या एका मांगेला तरुणाने पहिल्याच दिवशी हरकत घेतली. तो म्हणाला, “काका, ही काठी घेऊन साहेब उभा राहिला, तर आमच्या आळीतली पोरं हसतील. गळ टाकणाऱ्याचा हात आणि काठी, दोन्ही आम्हांला कळतात.” त्याचे म्हणणे खरे होते. आपला प्रेक्षक केळवे, सातपाटी, मुरबे, नवापूर, चिंचणी इथला. मासेमारीच्या बाबतीत त्याला फसविणे शक्य नाही. तेव्हा मी शोधास लागलो. वस्तू मिळत गेल्या, आणि प्रत्येक वस्तूमागे कोणाचे तरी हात दिसू लागले. त्या हातांचा इतिहास आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

सर्वांत मोठे घबाड घोलवडकडे एका चिकूच्या वाडीत सापडले. तिथल्या वृद्ध मालकीणबाईंच्या माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक होती. तीत किंतानाच्या पिशवीत गुंडाळलेली तीन तुकड्यांची गळाची काठी, एक पितळी रीळ, आकड्यांचा चपटा डबा आणि कागदाच्या पुडीत वाळलेल्या तातीची काही वेटोळी निघाली. बाईंनी पावती मागितली नाही. “सांभाळून ने, डिकरा,” एवढेच म्हणाल्या.

ती काठी मी घरी आणून दिव्याखाली नीट पाहिली. लांबून पाहिली तर एक सरळ, तपकिरी, चकचकीत वेत. जवळून पाहिली तर तो वेत नव्हे आणि अखंड बांबूही नव्हे. बांबूच्या सहा त्रिकोणी कामट्या तासून, एकमेकींना सरसाने चिकटवून तिचा षट्कोनी दांडा केला होता आणि ठिकठिकाणी रेशमाच्या दोऱ्याने तो आवळला होता. बांबूची ताकद त्याच्या सालीलगतच्या दाट तंतूंत असते. आतला भाग भुसभुशीत आणि मध्ये पोकळी. म्हणून आतला भाग काढून टाकावयाचा आणि सालीकडच्या सहा कामट्या बाहेर तोंड करून जोडावयाच्या, ही या कारागिरीची युक्ती. अशा काठीला वाकण्याची लवचीकता आणि परत सरळ होण्याची चपळाई, दोन्ही मिळतात. ही युक्ती पुढे नेणाऱ्यांत अमेरिकेतल्या ईस्टन गावच्या सॅम्युअल फिलिप या माणसाचे नाव घेतात. बंदुका दुरुस्त करावयाच्या आणि फिडली बनवावयाच्या, हा त्याचा धंदा. काळ १८४५ ते १८५० चा. पुढे लिओनार्डसारख्या अमेरिकन कारागिरांनी आणि इंग्लंडात ऑल्निक येथे १८७२ साली निघालेल्या हार्डी बंधूंच्या कारखान्याने असल्या काठ्या साऱ्या जगात पोचविल्या.

आता हा बांबू कोठला? विसाव्या शतकात तो दक्षिण चीनमधून जाऊ लागला आणि त्याला टोंकिन बांबू म्हणत. पण त्याच्या आधी, या काठीच्या बाळपणात, तो जात असे आपल्याकडून. व्यापारात त्याचे नावच मुळी ‘कलकत्ता बांबू’ असे होते. कलकत्ता हे बंदर झाले. बांबू काही कलकत्त्याच्या रस्त्यावर उगवत नाही. जंगलात तो कोणीतरी तोडला, कोणीतरी बंदरापर्यंत वाहून नेला. त्याच्या सालीवर आगीत भाजल्याचे काळे डाग असत. अमेरिकन कारागीर त्या डागांनी वैतागून जात, कारण डागाच्या जागी कामटी कच्ची निघे. तो बांबू तोडणाऱ्या आणि भाजणाऱ्या माणसाचे नाव कोणत्याही पुस्तकात नाही. फिलिपचे नाव आहे, आणि ते असावेच, तो मोठा कसबी माणूस होता. पण ज्या बांबूवर ही काठी जन्माला आली तो आपल्याकडच्या मजुराने तोडला होता, आणि पन्नास वर्षांनी तीच काठी साहेबाच्या सामानातून बोटीने परत आली, ती आपल्याच माणसाच्या डोक्यावर बसायला. या प्रवासाचा हिशेब मांडावा असे मला त्या रात्री फार वाटले.

डब्यातल्या आकड्यांची गोष्ट याहून कठीण आहे. डब्याच्या झाकणावर रेडिच हे गावाचे नाव होते. इंग्लंडात वुस्टरशर परगण्यात हे गाव आहे. शिवणाच्या सुया आणि मासे धरण्याचे आकडे या दोन जिनसांवर ते शंभर-दीडशे वर्षे जगले. सुईला टोक काढण्याचे काम कोरड्या सहाणेवर चाले. एक माणूस मूठभर तारा तळहाताखाली फिरवीत त्यांची टोके गरगर फिरणाऱ्या दगडावर धरी. ठिणग्या उडत, पोलादाची आणि दगडाची धूळ सरळ त्याच्या नाकातोंडात जाई. टोक काढणारा कामगार बहुधा चाळिशी पाहत नसे. त्याच्या खोकल्याला गावात स्वतंत्र नावच होते.

येथपर्यंतची कथा आपल्या कामगारांना नवी नाही. पुढचा भाग मात्र मी आमच्या सभांतून मुद्दाम सांगतो. १८२० नंतर लवकरच शेफील्डच्या एका माणसाने तोंडावर बांधावयाचा लोहचुंबकाचा पट्टा काढला. पोलादाचे कण त्याला चिकटावेत ही कल्पना. पुढे धूळ ओढून घेणारे पंखेही निघाले. आणि टोक काढणाऱ्या कामगारांनी पुष्कळ काळ या दोन्ही गोष्टींना विरोध केला! कारण काय? या जीवघेण्या कामाला मजुरी चढी मिळत असे. धूळ गेली, म्हणजे मरण गेले. मरण गेले, म्हणजे कामाला दुसरे दहाजण येतील आणि मजुरी उतरेल. आपल्या फुप्फुसांचे त्यांनी भांडवल केले होते. कोणी याला अडाणीपणा म्हणेल. मी म्हणत नाही. तीस वर्षे कारखान्यांच्या फाटकांवर उभा राहून मी हाच हिशेब आमच्या माणसांच्या तोंडून ऐकला आहे. ‘मास्क बांधला की काम उरकत नाही, आणि काम उरकले नाही तर ठेकेदार उद्या दुसरा माणूस आणतो.’ रेडिचमधला प्रश्न पंख्याचा नव्हताच, मजुरीचा होता; आणि मजुरीचा प्रश्न सोडविल्याशिवाय पंखा बसत नाही.

तातीच्या वेटोळ्यांनी मला आधी चकविले. बकऱ्याच्या आतड्याची तात आपणांस ठाऊक आहे. पिंजाऱ्याच्या धनुकलीला ती असते. ही तशी नव्हती. ही निघते रेशमाच्या किड्यापासून. स्पेनमध्ये मुर्सिया प्रांतात हा मोठा धंदा होता. कोश विणण्याच्या अगदी बेतात आलेला किडा शिरक्यात बुडवावयाचा, मग त्याचे पोट फाडून आतल्या रेशमाच्या ग्रंथी दोन हातांनी ताणावयाच्या. हातभर लांबीचा एक पारदर्शक तंतू मिळतो. असे तंतू गाठी मारून जोडले की, पाण्यात माशाला न दिसणारा गळाचा शेवटचा भाग तयार होतो. वापरण्यापूर्वी तो भिजवावा लागे, नाही तर तुटे. १९३८ साली अमेरिकेत नायलॉनची घोषणा झाली आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत हा सगळा धंदा बसला. इकडे आपल्या किनाऱ्यावर त्याच नायलॉनने सुताची आणि तागाची जाळी घालविली. ऐनाच्या सालीच्या काढ्यात जाळी उकळून टिकाऊ करणे ही एके काळी कोळीवाड्यातली नेहमीची कामगिरी. ज्यांनी ती केली असे हात आता थोडेच उरले आहेत.

आकड्यांबरोबर पिसांच्या चार माश्याही होत्या. मासा धरायला माशी, ही मराठीतली गंमत सोडून देऊ. पिसे, रेशीम आणि जर आकड्यावर बांधून किड्यासारखे किंवा नुसतेच रंगीबेरंगी असे आमिष करतात. त्यांतल्या एकीवर मला आमच्या सह्याद्रीतल्या रानकोंबड्याच्या मानेचे पीस ओळखता आले : करड्या पिसावर मेणाचा पिवळसर पांढरा थेंब पडावा तसे. विलायतेत सामन मासा धरण्याच्या माश्यांना हे पीस अत्यंत प्रिय. त्यांतली एक प्रसिद्ध माशी ‘जॉक स्कॉट’ या नावाची. तिच्यात हे पीस लागतेच. जॉक स्कॉट हा एका लॉर्डाचा चाकर, नदीवर मालकाबरोबर जाणारा. १८५० च्या आसपास त्याने ती बांधली. या सगळ्या साजात मला सापडलेले चाकराचे नाव हे एवढेच. हिंदुस्थान सरकारने १९०२ साली पक्ष्यांची कातडी आणि पिसे देशाबाहेर नेण्यास बंदी केली, तरी ती चोरून जातच राहिली. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर धाक बसला.

कपड्यांचे त्या मानाने लवकर उरकले. खाकी रंग आपल्याकडचाच. नावच मुळी ‘खाक’ म्हणजे धूळ यावरून. १८४६ साली पेशावरला लम्सडेनने उभारलेल्या पलटणीने तो अंगावर घेतला, आणि मंगळूरला बासेल मिशनच्या विणकारखान्यात हॅलर नावाच्या जर्मन विणकराने १८५० नंतर पक्क्या खाकी रंगाचे कापड काढले असे सांगतात. योगायोग असा की, हिंदुस्थानात गळ कसा टाकावा हे शिकविणारे साहेबलोकांचे आद्य पुस्तक, हेन्री सलिव्हन थॉमसचे ‘द रॉड इन इंडिया’, हेही १८७३ साली मंगळुरातच निघाले. थॉमस त्या बाजूचा कलेक्टर होता. पायांना गुंडाळावयाच्या पट्ट्यांचे नाव तर इंग्रजांनी आपल्या ‘पट्टी’वरूनच घेतले. डोक्यावरची सोला टोपी मुंबईच्या चोरबाजारात मिळाली. पुष्कळांना वाटते की, ‘सोला’ म्हणजे सूर्याशी संबंध. तसे नव्हे. बंगालच्या दलदलीत शोला नावाची वनस्पती उगवते. तिचा पांढरा, हलका गाभा. त्याच गाभ्याचे नवरदेवाचे मुकुट तिथले मालाकार करतात आणि त्याच गाभ्याची टोपी साहेबाच्या डोक्यावर.

असा आमचा साहेब उभा राहिला. टोपी बंगालची, बांबूची कल्पना आसामबंगालकडची, खाकी पेशावरची, पीस सह्याद्रीचे, आकडा रेडिचच्या धुळीतला, तात स्पेनमधल्या किड्याची. त्याच्या स्वतःचा म्हणून हात काय तो काठी धरणारा. आणि तोही रिकामा होता म्हणूनच ती धरता आली.

मागे उभ्या असलेल्या दोन वारल्यांचा पोशाख जमवायला पाच मिनिटे लागली. एक लंगोटी, डोक्याला फडके, कमरेला कोयता. आमच्या नेपथ्यवाल्याने विचारले, “यांच्या सामानाची यादी?” मी म्हटले, साहेबाचीच यादी वाच, ती यांच्याच डोक्यावर आहे. त्या डोक्यावरचे ओझे उतरले ते कोणाच्या दयेने नव्हे. त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात, तलासरीजवळच्या झरी गावी, २३ मे १९४५ रोजी हजारो वारली जमले. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्याबरोबर होते. आणि यापुढे वेठ करावयाची नाही असे ठरले. त्या लढ्याची हकीकत गोदावरीबाईंनी पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली. ती वाचलेल्यांना आमचे नाटक पुरेसे वाटणार नाही, आणि ते योग्यच आहे.

तालमीच्या वेळी मुरब्याच्या तरुणाने मला आणखी एक गोष्ट दाखविली. त्याच्या आजोबांचा पोशाख : कमरेला चौकडीचा रुमाल, अंगात बंडी, डोक्याला कानटोपी. समुद्रावर आणि घरी, लग्नाला आणि जाळ्यावर तोच. मासे धरणे हा ज्याचा उदीम, त्याला त्यासाठी वेगळा पोशाख लागत नाही. वेगळा पोशाख लागतो तो ज्याला ते काम नाही, खेळ आहे त्याला. तेव्हा मला प्रश्न पडला, की मग कामगाराने खेळ म्हणून गळ टाकायचाच नाही काय?

याचे उत्तर शेफील्डने दिले आहे. सुऱ्याकात्र्या करणाऱ्या त्या काळ्याकुट्ट गावात कामगारांचे गळवाल्यांचे मंडळ १८६९ साली निघाले. दारूच्या गुत्त्यांतून त्यांच्या शाखा. वर्गणी गोळा करावयाची आणि सुट्टीच्या दिवशी आगगाडीने शेजारच्या लिंकनशर परगण्यातल्या संथ पाण्यावर शेकड्यांनी जावयाचे. सामन माशाच्या नद्या जमीनदारांच्या मालकीच्या. यांच्या वाट्याला कालवे आणि गढूळ ओढे. त्यांचा साज काय? जुना कोट, कापडी टोपी, ऊन लागले तर बाह्या वर. पण त्या साजातली सर्वांत महाग वस्तू डोळ्यांना दिसत नव्हती. ती म्हणजे सुट्टी. १८५० च्या कायद्याने कापडगिरण्यांत शनिवारी दुपारी दोनला काम थांबले आणि अर्ध्या शनिवारची ही रीत हळूहळू इतर धंद्यांत पसरली. ती नसती तर शेफील्डच्या कामगाराने गळ टाकला असता केव्हा?

आपल्याकडे हीच वस्तू मिळवून देणाऱ्या माणसाचे नाव नारायण मेघाजी लोखंडे. महात्मा फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक. १८८४ साली त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. त्यात पहिली मागणी आठवड्याच्या एका सुट्टीची. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले आणि दोन कामगार स्त्रियांनी त्या सभेत भाषणे केली. साहेबांच्या घोड्यांच्या शर्यती जिथे चालत, तिथे ही सभा झाली, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे १८९१ च्या कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली, १९४८ च्या कारखाना कायद्यात ती अधिक पक्की झाली, आणि २०२० च्या संहितेतही आठवड्याला सहा दिवसांहून अधिक काम घेऊ नये हे कलम आहे. आपण रविवारी सकाळी चहा उशिरा घेतो, त्यामागे ही एवढी मंडळी उभी आहेत.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतले आमचे काही कामगार सुट्टीच्या दिवशी खाडीवर गळ घेऊन बसतात. उत्तरेकडून आलेले आहेत, विदर्भातले आहेत, इथलेही आहेत. त्यांचा साज मी नीट पाहिला आहे. पायांत कारखान्याचे जुने गमबूट, अंगात कंपनीचे नाव पुसट झालेला कामाचा डगला, डोक्यावर कधी पिवळी सुरक्षा टोपी. काठी बाजारातली चिनी, आणि तीही नसेल तर बाटलीला गुंडाळलेला नायलॉनचा दोरा. शिंगाळा लागतो, कधी चिंबोरी. पूर्वी लागत असे तेवढे लागत नाही. कारखान्यांच्या सांडपाण्याने खाडी आणि किनारा नासला म्हणून अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने कारखान्यांवर भरपाई बसविली. हा वाद कामगार विरुद्ध कोळी असा लावून देणारे पुष्कळ असतात. आमच्या युनियनमध्येही त्यावर कडाक्याचे भांडण झाले. एक म्हणे, कारखाना बंद पडला तर आपण कोठे जावे? तेव्हा एक जुना ऑपरेटर उठून म्हणाला, “मी रविवारी त्याच खाडीवर बसतो. मला कारखानाही पाहिजे आणि मासाही पाहिजे.” त्यावर टाळ्या पडल्या नाहीत. पण ठराव झाला, आणि सांडपाणी शुद्ध करण्याची यंत्रणा चोवीस तास चालली पाहिजे ही मागणी आम्ही मागणीपत्रात घातली. साहेबाच्या साजात हे कलम कधीच नव्हते. नदी नासली तर तो दुसऱ्या नदीवर डेरा टाकी.

आणि सुट्टी? कायम कामगाराला आहे. ठेक्याच्या कामगाराला कागदावर आहे. ज्या दिवशी भरला नाही त्या दिवसाचा पगार नाही, तेव्हा सातव्या दिवशीही तो दुसऱ्या ठेकेदाराच्या नावाने दुसऱ्या फाटकातून आत जातो. आमच्या नाटकातले दोन वारली जे दोघे झाले होते, त्यांपैकी एक असाच. तालमीला तो अकराव्या तासाला, झोपाळलेला येई. ट्रंकेतली ती काठी पाहून तो म्हणाला होता, “काका, परत देण्याआधी एकदा खाडीवर टाकून पाहू या का?” मी हो म्हटले. मालकीणबाईंनाही विचारले, त्यांनी हसून परवानगी दिली. मग दिवस ठरवायला बसलो. या रविवारी त्याची पाळी, पुढच्या रविवारी बदली, त्याच्या पुढच्या रविवारी ज्यांचे कोणी नव्हते अशा एका साथीच्या अंत्यविधीला आम्ही दोघे गेलो.

नाटक झाले. साहेबाच्या काठीकडे पाहून मुरब्याची पोरे हसली नाहीत. दुसऱ्या आठवड्यात मी ट्रंक घेऊन घोलवडला गेलो, काठीचे तिन्ही तुकडे, रीळ, आकडे आणि तात मोजून परत केली. सोला टोपी युनियनच्या कचेरीत कपाटावर आहे. खर्चाच्या वहीत ती ‘नाटक साहित्य’ या खात्यावर लिहिली आहे, आणि तिच्याच खालच्या ओळीत, ठेक्याच्या माणसांसाठी मागितलेल्या गमबुटांच्या जोड्यांचा आकडा.